हंसेची गोष्ट आणि आमची भागी

वाल सोलायला बसलं की हात गुंततात आणि तोंडं मोकळी राहतात, आणि बायकांची तोंडं मोकळी राहिली की घरात काहीतरी घडतं, हे माझं जुनं मत आहे. आमच्या ठाण्याच्या घरी सकाळची जेवणं उरकून मामंजी कचेरीत गेले की माजघरात चटई पसरायची. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्याच्या परातीत पडायचे, आणि आम्ही तिघी-चौघी परातीभोवती बसायचो. अंगठ्यानं दाबलं की साल इकडे, दाणा तिकडे. नवशिकीचा दाणा मात्र थेट भिंतीवर! मी बाराव्या वर्षी नांदायला आले, आणि पहिल्या आठवड्यात माझे निम्मे वाल झोपाळ्याखाली सापडले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आपल्याला बिरडं करायचंय, पेरणी नाही." हसल्या नाहीत. त्यांची थट्टा अशीच असायची, कोरड्या तोंडानं. मी रडले आणि दुसऱ्या दिवशी शिकले.

घर तलावाच्या अलीकडच्या आळीत होतं. सकाळी किल्ल्यातल्या तुरुंगाचे टोले ऐकून सासूबाई उठायच्या आणि आम्हाला उठवायच्या. घड्याळ होतं घरात, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग कोळीण यायची खाडीची कोळंबी घेऊन, आणि तिच्याशी घासाघीस चालायची ती पार आळीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. रेल्वेची शिट्टी झाली की ताराकाकू, आमच्या शेजारीण, हातातलं काम टाकून म्हणायच्या, "गेली गं बाई गाडी!" जणू त्यांनाच जायचं होतं. सोड्यांची खिचडी, तांदळाच्या भाकऱ्या, पावसाळ्यासाठी वाळवलेले बोंबील, ओल्या नारळाचा तो सदाचा वास. आज माझी नात डोंबिवलीला दिलीय. तेव्हा डोंबिवली म्हणजे नुसती भाताची खाचरं होती, आता तिथे चहाची दुकानं झालीत म्हणे. ती बिरडं करते आणि वर विचारते, "आजी, तुझ्यासारखं का होत नाही गं?" अगं, तुझे वाल तू एकटी सोलतेस, कसं होईल?

परातीपासून जरा अंतरावर, मागच्या दाराच्या उंबऱ्याला टेकून भागी बसायची. सोललेली सालं गोळा करून गाईला घालणं तिचं काम. तसं सगळंच तिचं काम होतं. पाणी तिनं भरायचं, दळण तिनं दळायचं, खरकटी भांडी राखेनं घासून रुप्यासारखी करायची. पन्नाशी कधीच उलटली होती तिची, अंगानं काटक, आवाज जाडसर आणि जरा फाटलेला. माझ्या पहिल्या वर्षी मला ताप आला तेव्हा पायाशी तीच बसून होती. पण भागी कोण, असं मी कधी विचारलं नाही. विहीर कोण, जातं कोण, असं विचारतं का कोणी?

आता मिसबाई आमच्या घरात कशा शिरल्या ते सांगते, कारण ते त्या काळी सोपं नव्हतं. आमचे हे मुंबईला कॉलेजात शिकत होते, आठवडाभर तिकडे आणि शनिवारी घरी. त्यांच्या डोक्यात बायकोला इंग्रजी आलं पाहिजे. मामंजींच्या साहेबाच्या मडमेनंही शब्द टाकला होता. तेव्हा ठरलं की मिशनच्या बाईंनी दर गुरुवारी यायचं, लोकरीचं विणकाम शिकवायचं, जोडीला चार अक्षरं इंग्रजीची. धर्माचं मात्र अवाक्षर काढायचं नाही. मिसबाईंचं नाव आमच्या कोणाच्या जिभेला झेपलं नाही. उंच, लालबुंद, घामानं डबडबलेल्या, आणि मराठी बोलायच्या ते पोथी वाचल्यासारखं: "हे भगिनी, तुझी सुई वक्र आहे." त्या पडवीत खुर्चीवर बसायच्या. त्या फाटकाबाहेर पडल्या की भागीनं खुर्ची धुवायची, पाणी शिंपडायचं, आणि मी लुगडं बदलायचं. मिसबाईंना हे ठाऊक होतं. एकदा छत्री विसरली म्हणून त्या परत आल्या, तर भागी शिंपडत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "कोपऱ्यात राहिलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वर्षांत मला बऱ्यापैकी वाचता यायला लागलं, तेव्हा त्यांनी ते पुस्तक आणलं. पुठ्ठा उसवलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नावही नाही आणि लिहिणारीचंही नाही. मिसबाई एवढंच म्हणाल्या की अमेरिकेतल्या एका बाईनं तिकडच्या गुलामांवर लिहिलंय. मी माजघरात येऊन सांगितलं, तर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाईनं लिहिलं? मग भात कोण बघत होतं?" पुढच्या गुरुवारी मी तो प्रश्न मिसबाईंना जसाच्या तसा विचारला. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, ती बाई भात शिजवतानाच लिहीत होती. एका धर्मोपदेशकाची विधवा, स्वयंपाकघराच्या मेजावर कागद आणि बाजूला मुलं. त्यांनी आणखी पुष्कळ सांगितलं. तिकडे आणि विलायतेतही बायका पुस्तकं लिहितात. पण पूर्वी पुष्कळजणी लाजेकाजेनं पुरुषाचं नाव घालून छापायच्या. गुलामांच्या बाजूनं बायकांनी पत्रकं लिहिली, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. आणि विलायतेतल्या कितीक बायकांनी गुलामांच्या घामाची म्हणून साखर सोडली होती. हे ऐकून ताराकाकूंचे डोळे विस्फारले. "साखर? आणि सणाला?" "सणालाही नाही." "मग त्या बऱ्याच धार्मिक हो," असं म्हणून काकूंनी त्या परक्या बायकांना मनोभावे नमस्कार केला. पुढे मीही मासिकात पहिला लेख धाडला तेव्हा खाली 'एक वाचक' अशी सही केली होती. उगीच कशाला दुसऱ्यांना हसा!

तर दुपारी वाल सोलता सोलता मी ती गोष्ट सांगायला लागले. सकाळी माडीवर बसून ह्यांचा कोश उघडून दोन पानं लावायची आणि दुपारी ती मराठीत सांगायची. दर चार पानांनी त्यात प्रार्थना आणि प्रवचन यायचं. ते मी 'देवाची करुणा भाकली' एवढ्यावर आटपायची. त्यातल्या गुलाम बाईचं नाव हॅना. ते कोणाला म्हणता येईना, म्हणून आम्ही तिची हंसा केली. हंसा मालकाच्या घरी स्वयंपाक करी. हंसेला चाबूक बसला त्या दिवशी ताराकाकू जेवल्या नाहीत. हंसेनं चोरून अक्षरं गिरवली तर सासूबाई म्हणाल्या, "हुशार हो पोर." आळीतल्या बायका निमित्त काढून यायला लागल्या, कोणी विरजण मागायला, कोणी सूप मागायला, आणि परातीशी बसून राहायच्या. वाल कधी नव्हे ते इतके सोलले जायला लागले की मामंजींनी एकदा विचारलं, "घरात बिरड्याशिवाय दुसरं काही शिजतं का?" मी चौदा वर्षांची होते. इतक्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसताहेत ह्याची मला इतकी चढली होती की सांगता सोय नाही.

त्या दुपारी गोष्टीत मालकाच्या लेकीचं लग्न आलं. आहेर मांडला होता: चांदीची भांडी, दोन घोडे, गालिचे. आणि त्या आहेरात हंसेची आठ वर्षांची मुलगी होती. मी सांगितलं, "मालकानं हंसेची मुलगी लेकीला आंदण दिली." तो शब्द मला शोधावाही लागला नाही, तो आमच्या घरचाच होता. ताराकाकू ओरडल्याच, "अगंबाई! पोटची पोर, भांड्यांत मांडली? मेल्यांना काळीज आहे की दगड!" सासूबाईंचे हात ओले होते, त्यांनी कोपरानं डोळे पुसले. आणि उंबऱ्याशी बसलेली भागी म्हणाली, "आठ वर्सांची? माजी सगुणा नवाची होती."

मला काही कळेना. मी विचारलं, "कोण सगुणा?"

"भागे, सालं गाईला घालून ये," सासूबाई म्हणाल्या.

भागी उठली नाही. सासूबाईंनी सांगितलं आणि भागी उठली नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ती माझ्याकडे बघून, जरासुद्धा आवाज न चढवता सांगायला लागली. थोरल्या सासूबाई, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई, लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर भागीची आई आंदण आली, आणि आईच्या कडेवर भागी. कुणबिणी म्हणायचे अशा बायकांना. पुढे भागीला सगुणा झाली. मग मामंजींच्या बहिणीचं, आमच्या आत्याबाईंचं लग्न कल्याणला झालं, तेव्हा सगुणा त्यांना आंदण दिली. "मागल्या बैलगाडीत बसवली, भांड्यांच्या हाऱ्याशेजारी. मला म्हणाले, खीर ढवळ, करपंल. मी ढवळत राह्यले. करपली न्हाई."

अठ्ठावीस वर्षं झाली होती त्याला. आत्याबाई दर वर्षी माहेरपणाला यायच्या, पण सगुणेला आणायच्या नाहीत. ती आली तर तिकडचं घर कोण बघणार? भागी विचारायची, "आक्का, सगुणा बरी हाय?" आत्याबाई म्हणायच्या, "बरी आहे हो." कल्याण आमच्यापासून किती लांब? गाडीत बसलं आणि एक डुलकी काढली की कल्याण. मी इतकी पुस्तकं वाचणारी, सातासमुद्रापलीकडच्या हंसेसाठी रडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही कान तापतात माझे.

"सूनबाई," भागीनं विचारलं, "त्या हंसेला पोरगी भेटती का फुडं?"

"अजून वाचायचंय," मी म्हटलं. "पण मिसबाई म्हणाल्या, पुढे कायदा झाला आणि सगळे गुलाम सुटले."

"आपल्याकडं न्हाई का झाला तसा?"

ताराकाकूंना एकदम घरी दूध तापत ठेवल्याची आठवण झाली. मी म्हटलं, "मी विचारते. नक्की विचारते." सासूबाईंनी परात उचलली आणि आत गेल्या.

शनिवारी हे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. माझी समजूत की हे पेटून उठतील. मित्रांत सुधारणेवर केवढी भाषणं ठोकायचे! ते म्हणाले, "अगं, तो कायदा आपल्याकडे केव्हाच झालाय. कंपनीच्या राज्यात. बाबांच्या लहानपणी."

"सगुणेच्या आधी? मग तिला दिलीच कशी? आणि भागीला कोणी सांगितलं का नाही?"

"तिला काय कमी आहे इथे? हे बघ, बाबांपुढे हा विषय काढू नकोस. मिसबाईंचं येणं बंद होईल, पुस्तक जाईल, इंग्रजी जाईल. मग बस जन्मभर वाल सोलत."

आता खरं सांगते, लाज वाटली तरी. रविवार सकाळपर्यंत मी दोनदा ठरवलं की गप्प बसायचं. पुस्तकाची शेवटची दहा प्रकरणं उरली होती, आणि हंसेचं काय होतं ते मला कळायला हवं होतं. गुलामांच्या मुक्तीचं पुस्तक हातचं जाऊ नये म्हणून मी घरच्या माणसाला गुलाम ठेवायला निघाले होते. मग मी पाणी आणायला मागे गेले, तर भागी विहिरीशी होती. तिनं काही विचारलं नाही. नुसतं बघितलं आणि माझा हंडा उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवला, रोजच्यासारखा. त्या हंड्यानं माझी मान खाली गेली.

मामंजी आणि हे पानावर बसले. सून सासऱ्याशी बोलत नसे त्या काळी. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी बिरडं वाढलं, आणि पळी हातात तशीच धरून म्हटलं, "मामंजी, एक विचारू?"

ह्यांचा घास तोंडाशीच थांबला. मामंजींनी मान वर केली नाही. "विचार."

"माणसं आंदण द्यायची नाहीत, ठेवायची नाहीत, असा कायदा आपल्याकडे आहे का?"

मामंजी कडक होते, पण खोटं बोलणारे नव्हते. कचेरीत त्यांची तीच ख्याती होती. "आहे," ते म्हणाले.

"मग आपली भागी?"

"भागीला कोणी बांधून ठेवलंय का? दाराला कुलूप आहे का आपल्या? जायचं असेल तर तिनं जावं. मी अडवणार नाही."

भागी मागच्या दाराशी तांब्या घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "खरं का, धनी? मी जाऊ?"

"जा की," मामंजी म्हणाले, आणि सासूबाईंकडे वळून, "भात वाढा." ती जाईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. जाणार कुठे?

भागीनं तांब्या खाली ठेवला. विहिरीवर जाऊन पाय धुतले. दोरीवर तिचं दुसरं लुगडं वाळत होतं, ते ओलंच घडी करून काखेत मारलं. मग ती माजघरातून, आम्हा सगळ्यांच्या समोरून, पुढच्या दारानं बाहेर पडली. मला वाटलं होतं ती थांबेल, माझ्या तोंडावरून हात फिरवेल, निदान एकदा वळून बघेल. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. मी पुस्तकातली शूर बाई व्हायला निघाले होते, आणि कोणी मला साधं 'येते' म्हटलं नाही! मी माडीवर जाऊन रागानं रडले. तिला घाई होती, अठ्ठावीस वर्षांची, हे कळण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती. संध्याकाळी कोळणीनं सांगितलं, तुमची भागी कळव्याकडे भरभर चालत जाताना दिसली.

पुढचे दिवस वाईट गेले. गुरुवारी मिसबाई आल्या तर त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, आणि त्यासाठी मुद्दाम घरी राहिलेल्या ह्यांनी मान खाली घालून ते पुस्तक त्यांच्या हाती दिलं. हंसेचं पुढं काय झालं ते मी आजतागायत वाचलेलं नाही. त्या पुस्तकाचं नावच माहीत नाही, तर शोधू कुठे? घरात दळण पडून राहायला लागलं, भांड्यांची रास आणि राखेनं फुटलेले आमचे हात. गडीमाणूस दोन दिवस यायचा आणि तिसऱ्या दिवशी दांडी. मामंजी एका शब्दानं मला बोलले नाहीत; पण त्यांनी आठवडाभर बिरड्याला हात लावला नाही. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. "झालं समाधान?" एवढंच एकदा म्हणाल्या होत्या.

मग एके दिवशी आम्ही दोघीच भांडी घासत बसलो होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "मी तेव्हा नवी नवरी होते. तुझ्याएवढी. ती पोर गाडीतून हाका मारत होती. सनई वाजत होती ना गं, सगळ्यांनी सनई ऐकली. मीसुद्धा." आणि पातेलं घासत राहिल्या, जे केव्हाच लख्ख झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी फाटकाशी टांगा थांबला आणि कल्याणच्या आत्याबाई उतरल्या, संतापानं लाल. पाय धुवायच्या आतच सुरू झाल्या. "वहिनी, काय हे! तुमची ती भागी आली आणि माझ्या सगुणेला घेऊन गेली! चुलीवर दूध, परातीत कणीक, सगळं तसंच टाकून! दोघी कुठं उलथल्या कोणाला ठाऊक. दोन आठवडे झाले, शोधून शोधून थकलो."

सासूबाई हातातलं भांडं न ठेवताच उभ्या राहिल्या. "वन्सं, पोरीनं ओळखलं तिला?"

"कोणी कोणाला?"

"सगुणेनं. आईला. इतक्या वर्षांनी."

"ओळखलं म्हणजे!" आत्याबाई फणकारल्या. "ती भवानी दाराशी आलीसुद्धा नव्हती. मागच्या गल्लीतून नुसती हाक मारली, तशी ही हातातलं टाकून धावत सुटली!"

सासूबाई मटकन खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं होतं ते फक्त हंसेसाठी. आत्याबाईंचा राग क्षणात उतरला. त्या जवळ बसल्या आणि सासूबाईंच्या पाठीवरून मायेनं हात फिरवत म्हणाल्या, "रडू नकोस गं वहिनी, मिळेल दुसरी कोणीतरी."